डाव्या टाकीचा कोपरा

७ डिसेंबर
सुधाकरच्या विमानाची डाव्या पंखातली पेट्रोलची टाकी बंद केली. त्याच्या बायकोनं, मंगलनं, तिच्या मसाल्याच्या धंद्यातल्या काट्यावर सांधे गळू नयेत म्हणून लावायचं सीलंट तोलून कालवलं, पांढरं दहा भाग, काळं एक. सांधे आतून मी भरले. मागच्या कोपऱ्यात हात जेमतेम पोचला. नजर पोचलीच नाही. माझ्या मोतीबिंदूचं दोघांनाही अजून सांगितलं नाही. चुलतभाऊ असून सुधाकर सख्ख्यासारखा मानतो. ट्रॅक्टरचं वर्कशॉप सांभाळून चार वर्षं शेडमध्ये स्वतः विमान जोडतोय, आणि कोणी काही विचारलं की एकच, "दादाले विचारा, एअरफोर्सात होता तो."

१४ डिसें.
सीलंट वाळलं. टाकीची तोंडं बंद केली, एका नळीला फुगा बांधला, पंपानं हलकी हवा भरली. रिव्हेटांवर साबणाचं पाणी. बुडबुडा कुठं दिसला नाही. म्हणजे मला दिसला नाही. उद्यापर्यंत फुगा ताठ राहिला की टाकी पास.

१५ डिसें.
सकाळी शेडमध्ये एकटाच. फुगा लोंबत होता. थंडीनं हवा आकसते, थोडा मऊ पडणारच. पण एवढा?
सु. यायच्या आत पुन्हा हवा भरली.
तो आला, फुग्याला टिचकी मारली. "पास ना दादा?"
"हाव. पास."
दुपारी टाकी पंखाला बसवली.

२ जाने.
डाव्या टाकीत पाच लिटर पेट्रोल टाकलं. तासाभरात पंखाखाली ओल, मागच्या कोपऱ्यालाच. सु. वर्कशॉपच्या दोन्ही मिस्त्र्यांसमोर मंगलवर घसरला. "तुह्यंच वजन चुकलं. मसाला समजली काय?"
"मी दोनदा तोललं होतं," ती म्हणाली आणि माझ्याकडं पाहिलं. ती तोलत होती तेव्हा मी शेजारीच उभा होतो, मला माहीत होतं.
मी हात धुवायला बाहेर गेलो.

५ जाने.
मंगल शेडमध्ये येत नाही. डबा मात्र पाठवते, माझाही. आज मेथी होती.

८ जाने.
सु.नं ओलीच्या जागी बाहेरून सीलंट फासलं. रविवारी इंजिन चालवायचं म्हणतो. बाहेरून फासलेलं टिकत नाही. नोकरीत नव्या पोरांना हेच शिकवायचो. इंजिन तापलेलं, पेट्रोल झिरपतंय, आणि हा आत बसलेला...

९ जाने.
आधी मंगलकडं गेलो. मसाल्याचे पुडे भरत होती. फुग्याचं, डोळ्यांचं सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.
"मले सांगून काय फायदा भाऊजी? त्यायनं मले सगळ्यायसमोर बोललं. तुमी बी सगळ्यायसमोरच सांगा."

१० जाने.
सांगितलं. वर्कशॉपमध्ये, दोन्ही मिस्त्री होते. सु. ट्रॅक्टरखालून निघाला, कितीतरी वेळ हात पुसत राहिला.
"फुगा तुमीच भरला?"
आजवर मला तू म्हणायचा.
"हाव."
"काऊन?"
तू वाट पाहून राह्यला होता, असं काहीतरी बोललो. ते खरं नव्हतं. मला नापास म्हणायची लाज वाटली, एवढंच.

१२ जाने.
टाकी उतरवली. मागच्या पत्र्याला हात जाईल एवढं गोल भोक पाडलं. कोपऱ्यात दोन बोटं जागा कोरडीच, सीलंट लागलंच नव्हतं. सु.नं टॉर्च धरला, सीलंट मंगलनं भरलं. तिला तो काही बोलला असेल तर माझ्यासमोर नाही. मला कोणी जा म्हटलं नाही. काही कर असंही म्हटलं नाही.

१९ जाने.
भोकावर झाकण बसलं, सीलंट वाळलं. फुगा मंगलनं बांधला. सु. तिला म्हणाला, "सकाळी आपण दोघं संगंच येऊ." मी विचारलं, मी किती वाजता येऊ? "तुमी डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या आधी."
निघताना म्हटलं, उजवी टाकीही मीच भरली होती, पण ती खरी तपासली, फुगा दोन दिवस ताठ होता. हे खरं आहे. देवाशपथ खरं आहे.
सु.नं उजव्या पंखाकडं पाहिलं. "असन," म्हणाला. मग पेचकस घेऊन तिकडं गेला आणि त्या टाकीचा पहिला स्क्रू काढला. दुसरा पेचकस बाकावर होता. मी हात लावला नाही.