एकोणऐंशी अस्वले, तीन कुत्री आणि माझे घर

मी, खाली सही करणार सहादू रंभाजी सुरवसे, वय वर्षे त्रेसष्ट, गुरांच्या दवाखान्यातील निवृत्त ड्रेसर, राहणार खर्डा, तालुका जामखेड, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली नसताना व कसलाही अंमल केलेला नसताना स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. नगरच्या डॉक्टरांनी माझ्या पोटात गाठ असल्याचे सांगितले आहे. डोक्यात काही बिघाड असल्याचे त्यांनी सांगितलेले नाही, तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर आहे हे त्यांच्याच तोंडून सिद्ध होते. दिवाळी नक्की बघाल, होळीचे सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

मला मूलबाळ नाही. पत्नी साळूबाई बारा वर्षांपूर्वी वारली. रक्ताचा म्हणावा असा पुतण्या काकासाहेब एकटाच आहे, तो दोन गल्ल्या सोडून राहतो. हे मृत्युपत्र मी संपत्तीसाठी लिहीत नाही, कारण ती सांगण्याजोगी नाही. माझ्याकडे तीन कुत्री आहेत, भुरी, दगड्या आणि पुतळी. मी गेल्यावर ती कोणाच्या दारात बसतील, हा एकच घोर मला लागला आहे. घर ज्याला जाईल त्याच्या हाती त्यांचा जीव जाईल. बाकीचे सोपे आहे, म्हणून ते आधी लिहितो.

कलम १. वडिलोपार्जित जमिनीतील माझा हिस्सा मी थोरल्या भावाला त्याच्या हयातीतच सोडून दिला आहे व तसा कागद झालेला आहे. राहते घर, दोन खोल्या, पत्रा, पुढे ओटा व मागे परसू, हे माझे स्वकष्टार्जित असून त्यावर भावकीतील कोणाचाही हक्क नाही. हे वाक्य मी वकिलांकडून दोनदा तपासून घेतले आहे.

कलम २. माझ्या चार वाकड्या सुया, दोन चिमटे, कात्री व बांबूच्या कामट्यांची जुडी दवाखान्यातील हल्लीचा ड्रेसर छगन यास द्यावी. सुया सरकारी नाहीत, मी पगारातून नगरहून आणलेल्या आहेत. सरकारी कापसाचे एक बोटही मी कधी घरी आणले नाही.

याच सुयांनी माझा नाद सुरू झाला. सन १९५९ मध्ये आमच्या डॉक्टरसाहेबांच्या मुलीचे खेळण्यातले विलायती अस्वल कुत्र्याने फाडले. साहेब म्हणाले, बैलाचे पोट शिवतोस, तर हेही शिव. बैलाचे आटोपून मी ते हातात घेतले आणि टाके घालण्यापूर्वी सवयीने आत बोट घालून पाहिले. अंगाचे चार तुकडे, कानांचे चार, आणि डोक्याच्या मधोमध नाकापर्यंत आलेली एक पट्टी. एवढेच होते. घरी येऊन जुन्या घोंगडीचे तसेच तुकडे बेतले आणि पहिले अस्वल शिवले. त्याला मी दोन शर्टाची बटणे लावली. पहिले बटण लावले तोवर माझ्या हातात घोंगडीच होती. दुसरे लावून दोरा तोडला आणि कोणीतरी माझ्याकडे बघू लागले. मी ते खाली ठेवून थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो. चौदा वर्षे झाली, घोंगडीचे अस्वल कोणत्या टाक्याला होते ते मला अजून सापडलेले नाही. दर वेळी मी टक लावून असतो आणि दर वेळी ते माझी नजर चुकवून होते.

चावडीवर मला बाहुलीमास्तर म्हणणाऱ्यांची नावे मला तोंडपाठ आहेत. त्यांतील तिघांनी पुढे नातवंडांसाठी गुपचूप अस्वले मागून नेली, म्हणून नावे लिहीत नाही.

खरे अस्वल मी एकदाच हाताळले. दरवेशी त्याला घेऊन दवाखान्यात आला होता, वेसणीने नाक चिघळले होते. मी जखम धुताना त्याने दोन्ही पंजांत माझे मनगट धरले. मनात आणले असते तर कोयंडा मोडावा तसे मोडले असते. माझे काम होईपर्यंत त्याने ते नुसते धरून ठेवले. माझ्या अस्वलांच्या नाकाला मी कधी दोरी लावत नाही ती तेव्हापासून.

कलम ३. आजपर्यंत मी एकोणऐंशी अस्वले शिवली, प्रत्येकाच्या तळपायावर त्याचा नंबर आहे. ज्याच्याकडे जे गेले ते त्याचे. पेटीत सहा उरली आहेत, ती शाळेच्या पहिलीच्या वर्गाला द्यावीत.

ती आतून कशाची आहेत हे येथे कबूल करतो. उन्हाळ्याच्या तोंडाला कुत्री केस गाळतात. मी त्यांना फणीने विंचरतो, ते केस रिठ्याच्या पाण्यात धुतो, पत्र्यावर तीन दिवस वाळवतो आणि चिंध्यांबरोबर आत भरतो. रिठा आणि ऊन मिळून वास पार घालवतात अशी माझी खात्री होती. जनावरांत तीस वर्षे काढलेल्या माणसाने ही चूक करायला नको होती. पण माझ्या नाकाला वास येईना, आणि मी माझ्याच नाकावर निकाल देऊन मोकळा झालो.

कलम ४. भुरीच्या शेवटच्या वेताचा एकच पोर जगला होता, गोप्या. गेल्या साली दुष्काळात तो धान्याच्या ट्रकखाली आला. त्याचे विंचरलेले केस पिशवीत तसेच होते. चार महिन्यांनी काकासाहेबाच्या चार वर्षांच्या मुलीसाठी, बनीसाठी, मी अस्वल शिवले तेव्हा हाताला लागली ती तीच पिशवी. माझ्या मनात काहीही नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून भुरी दुपार झाली की काकासाहेबाच्या दाराकडे जाऊ लागली. काकासाहेबाला वाटले, कुत्री पोरीवर टपली आहे. त्याने काठी घातली. भुरी तीन पायांवर घरी आली, पुढच्या डाव्या पायाचे हाड मध्यावर मोडलेले. मी कामट्या बांधल्या आणि काकासाहेबाला जाऊन विचारले. "आज पाय मोडलाय, उद्या कंबरडं मोडीन," असे तो मला, सख्ख्या चुलत्याला, म्हणाला.

भुरी पाचव्या दिवशी कामट्यांसकट पुन्हा तिकडे गेली. मी तिला आणायला मागोमाग गेलो. काकासाहेब त्याच्या गिरणीवर गेला होता. दार लोटलेले होते. आत बनी सतरंजीवर झोपली होती, तिच्या काखेत अस्वल. भुरीने हळूच हनुवटी त्या अस्वलाच्या पोटावर टेकली आणि डोळे मिटले. मी वाट बघत राहिलो, की आता ती ते तोंडात धरून पळणार. तिचेच होते ते. पण तिने ते ओढले नाही. थोड्या वेळाने मान काढून घेतली आणि पोरीच्या पायाशी, उंबऱ्याकडे तोंड करून बसली. मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. देवळात काढत नाही, तिथे काढली.

कलम ५. हे कलम वकिलांनी गाळायला सांगितले होते. मी गाळत नाही.

भुरीचे पाहिल्यावर मला दुसरी शंका आली. तिन्ही कुत्री रोज सकाळी गावात फिरतात व मी त्यांना उंडगी म्हणून शिव्या देतो. एक दिवस मी त्यांच्या मागे निघालो. ती पेठेतून गेली आणि एका दारासमोर थांबली, वास घेतला, पुढे गेली. मग दुसरे दार. मग किल्ल्याच्या बाजूची आळी, मग बौद्धवाड्यातली चार घरे. ज्या ज्या दारी थांबली तिथे तिथे माझे अस्वल होते. कोण्या घरी कपाटावर, कोण्या घरी दाण्याच्या कणगीमागे पडलेले. कुठे भाकरीचा तुकडा मिळाला, कुठे नाही. त्यांनी एकही दार चुकवले नाही.

फक्त एका दारी ती थांबली तेव्हा मला बरे वाटले, कारण तिथे मी काही दिलेले नव्हते. ते कुडाचे घर रतनबाईचे. म्हटले, चला, जनावर शेवटी चुकते. रतनबाईला विचारले तर ती आत गेली आणि गाठोड्यातून नवव्या नंबरचे अस्वल घेऊन आली. तिच्या लेकीला ते लग्नात मैत्रिणीने दिले होते, आणि लेक बाळंतपणाला आली तेव्हा इथेच विसरली होती. नवव्या नंबरात ज्या कुत्रीचे केस होते ती पुतळीची आजी. पुतळीने तिला जन्मात पाहिलेले नाही. पुतळी त्या अस्वलापुढे बसली आणि शेपटी हलवू लागली.

नववे अस्वल मी रतनबाईच्या हाती परत दिले. तिने पाणी दिले. चौदा वर्षे मी समजत होतो की मी पोरांसाठी खेळणी करतो. गावभर मी काय ठेवून आलो होतो, याची खबर फक्त या तिघांना होती. मला ते शब्दांत मांडता येत नाही, आणि मांडायचा आग्रहही नाही.

कलम ६. (सोमवारी लिहिलेले.) राहते घर माझा पुतण्या काकासाहेब यास द्यावे, अशा अटीवर की त्याने तिन्ही कुत्री मरेपर्यंत ओट्यावर ठेवावीत, त्यांना दोन वेळ भाकर घालावी व त्यांच्यावर हात टाकू नये. अट मोडल्यास घर काढून घेण्यात यावे. तो मला आवडतो म्हणून देत नाही. मला पाणी पाजणारा तो एकटाच आहे आणि घराच्या लोभाने तरी तो काठी खाली ठेवील, असा हिशेब आहे.

कलम ७. वरील कलम सहा मी रद्द करीत आहे. त्यावर आडवी रेघ मारून सही केली आहे. कारण लिहितो.

बुधवारी दुपारी काकासाहेबाची बायको विजयमाला पदराखाली हात धरून माझ्याकडे आली. बनी बरोबर होती. म्हणाली, तात्या, विहिरीवर पाय घसरून पडले, सरकारी दवाखान्यात गेले तर दहा जण विचारतील, तुम्हीच बांधा. मी म्हटले, मी जनावरांचा ड्रेसर. ती म्हणाली, चालेल.

मी हात बघितला. पडणारा माणूस तळव्यावर पडतो, त्याचे हाड मनगटाशी मोडते. अंगावर आलेली काठी अडवणाऱ्याचे हाड करंगळीच्या अंगाने, कोपर आणि मनगट यांच्या मध्यावर मोडते. हा फरक मला कोणी शिकवावा लागत नाही. सहा महिन्यांपूर्वी हेच हाड मी भुरीच्या पायात बांधले होते.

मी म्हणालो, "हे हिरीवरचं न्हाई, विजयमाला."

कामट्यांची गाठ मारून झाली तेव्हा म्हणाली, "दुपारची भुरीला आत घेत हुते, तात्या. त्येनला कळलं."

मी विचारले, मार बसणार हे माहीत असताना कशाला घेत होतीस. तिने सांगितलेले तसेच्या तसे लिहितो, कारण साक्षीसाठी लागले तर उपयोगी पडावे.

"ती दाराकडं तोंड करून बसायची. तेवढा येळ मला बी झोप लागायची."

लग्नाला सात वर्षे झाली. हा पहिला मार नव्हता. माहेरी आई नाही, भावजय दारात उभी करीत नाही. हे सगळे माझ्यापासून दोन गल्ल्यांवर चालले होते, आणि मी मात्र कुत्र्यांच्या मागे गावभर फिरून थक्क होत होतो. मला लाज वाटली, ती येथे नोंदवतो. मला न कळलेले भुरीला कळले होते. ती तिथे गोप्याच्या वासाने गेली असेल, पण मोडक्या पायाने राहिली ती दुसऱ्याच कोणासाठी, असे मी आता मानतो. कुत्र्यांना घर कसे मिळेल याची चिंता करीत बसलो होतो. त्यांना या गावात सत्तर दारे आहेत. आतून कडी लावता येईल असे एकही दार ज्यांना नव्हते, त्या दोघी माझ्या समोर बसल्या होत्या.

सबब, राहते घर, ओटा व परसूसह, सौ. विजयमाला काकासाहेब सुरवसे हिला तिच्या एकटीच्या नावे देत आहे. राहण्याचा, भाड्याने देण्याचा, विकण्याचा व कोणाला आत घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क फक्त तिचा. नवऱ्याचा काडीचाही संबंध नाही. कुत्र्यांची अट घातलेली नाही. वकिलांनी विचारले, अट का काढली. मी म्हटले, जिने त्यांच्यासाठी हाड मोडून घेतले तिला आणखी काय अट घालू. पोस्टातील शिल्लकही तिची, ती बनीच्या शाळेसाठी वापरावी.

कलम ८. पुतण्यास वगळले असे म्हणता येऊ नये म्हणून काकासाहेबाला माझे मनगटी घड्याळ द्यावे. ते दहा मिनिटे मागे पडते. त्याने ते दुरुस्त करू नये, हात उचलायला तेवढाच उशीर होईल. मला पाणी पाजायचे की नाही हे त्याने ठरवावे. दहाव्याला कावळ्याची फार वाट बघू नये, घास भुरीपुढे ठेवावा.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असा कायदा आहे. म्हणून गोरक्ष मास्तरांना त्यांचे अस्वल मी कालच हातात दिले, आणि भिमाबाईला दोन.

कायद्याने हे मृत्युपत्र माझ्या मरणानंतर अमलात येईल. तेवढा धीर मला नाही. लोहाराकडून आतल्या बाजूला नवी लोखंडी कडी बसवून घेतली आणि आज सकाळी विजयमाला व बनी यांना घरात आणले. काकासाहेब अकरा वाजता येऊन गेला. तिन्ही कुत्री ओट्यावर उठून उभी राहिली, भुंकली नाहीत. तो रस्त्यावरूनच परत फिरला.

दुपारी विजयमालाने आतून कडी लावली. आता दिवेलागण होत आली आहे आणि ती अजून झोपलेली आहे. माझा चष्मा, औषध आणि पाण्याचा तांब्या आत आहे. हे शेवटचे कलम मी ओट्यावर बसून, डोळ्यांना ताण देऊन लिहितो आहे, अक्षर वाकडे आले असेल ते त्यामुळे. कडी वाजवावी असे मला वाटत नाही.

येणेप्रमाणे वाचून, समजून, खाडाखोडीवर सही करून दिले.

ठिकाण: खर्डा, ता. जामखेड
तारीख: १२ ऑक्टोबर १९७३, शुक्रवार

सही: सहादू रंभाजी सुरवसे

साक्षीदार, ज्यांनी माझी सही डोळ्यांसमोर पाहिली व माझ्या समोर आपली केली:

१. गोरक्ष विठोबा ढवळे, प्राथमिक शिक्षक, खर्डा. (सही)
२. भिमाबाई सहादेव गायकवाड, शेजारी, खर्डा. (डाव्या अंगठ्याची निशाणी. आवाज न करता उठवली.)