बिनमरणाच्या पट्ट्यात बाबागाडी

बेनिल्दे ताई,

धाकटीचा गळ्यात पडून नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या बिल्बाओचा पाऊस, यांतलं काय काय थांबलं ते आधी कळव. इकडे सगळे बरे. तिर्सोला दुसरा दात आला (पहिला आला तेव्हा मला वाटलं हाडच बाहेर आलं, रडत सासूबाईंकडे पळाले, त्या अजून हसतात). मी कशाकशाला भिते ते तुला पाठच आहे: पाण्याला, तापाला, सासूबाईंच्या कोंबड्यांना. आता त्यात नवऱ्याची भर पडली, कारण फ्रोइलान नदीचा राखणदार झालाय.

आमच्या घरापासून पुलापर्यंतची नदी आता बिनमरणाची केलीय. म्हणजे ट्राउट मासा पकडायचा, बघायचा, वाटलं तर पापा घ्यायचा, पण परत पाण्यात सोडायचा. मासा घेऊन कुणी काठानं दोन पावलं चालला की फ्रोइलाननं त्याच्या दंडाचा कागद लिहायचा. नाही लिहिला तर नोकरी गेली. आधीचा राखणदार सख्ख्या भावाला सोडल्यापायीच घरी बसला.

तर मंगळवारी शेतांना पाणी हवं म्हणून कुणी वरचं पाण्याचं दार पाडून बंद केलं, आणि मी दुपटी धुते तो नदीचा फाटा बघता बघता आटला. उरलं एक डबकं, त्यात ट्राउट, पाठी उघड्या, तोंडं वासलेली. मासा हातात धरायची मला शिसारी. पण तिर्सो तापात अस्संच तोंड उघडं टाकून पडला होता गं, मग राहवेना. त्याला शालीनं पाठीशी बांधला, बाबागाडीत ओलं दुपटं अंथरलं, सात मासे घातले, वर पांघरूण घातलं (उन्हासाठी, लपवायला नाही, हे मी नंतर चारदा सांगितलं) आणि नदीकडे पळत सुटले.

काठावर लेओनचे डॉक्टर. हे दरसाल सासूबाईंकडे कोंबड्याच्या मानेची पिसं न्यायला येतात, कारण गळाला बांधायची खोटी माशी आमच्याच पिसांची लागते, दुसऱ्या पिसांकडे मासा ढुंकून बघत नाही म्हणे. माणूस प्रेमळ. बाळ बघायला पांघरूण उचललं, आणि शेपटीनं त्यांच्या थोबाडीत दिली. बाबागाडी भरून चोरी म्हणून त्यांनी राखणदाराला अशी हाक मारली की पलीकडच्या गावातले कुत्रे भुंकले.

फ्रोइलान आला, पांढरा पडला. पण डॉक्टर उभे, काय करतो, वही काढली.

"नाव?"

"सकाळी मोजे सापडेनात तेव्हा तर पाठ होतं तुला."

"नाव सांग, बाई." मग स्वतःच लिहिलं. "मासे धरायचं साधन?"

"बाबागाडी. तुझ्या आईनं दिलेली."

तोवर मासे निपचित पडायला लागले. ताई, मी, जी परातीतल्या पाण्यालाही भिते, ती गाडी ढकलत सरळ नदीत शिरले. गुडघे, मग कंबर. गाडी कलती केली. एकेक सुटला. शेवटचा माझ्या घागऱ्याला टेकून श्वास घेत राहिला, मग पोहत गेला. पाठीवर तिर्सो खदखदून हसत होता, मीही रडता रडता हसले.

वळून बघते तर सासूबाई, काखेत कोंबडा. म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या सुनेचा कागद खुशाल लिहवून घ्या. पण मग यंदाच्या माशा स्वतःच्या मिशांच्या बांधा."

कागद लिहिला गेला: मासे जिवंत नेले, जिवंत सोडले. खाली साक्षीला डॉक्टरांची सही. नोकरी शाबूत. आता वरचं दार पडलं की अख्खा गाव बादल्या घेऊन धावतो, डॉक्टर सगळ्यांच्या पुढे.

तुझी,
देल्फिना

ता.क. बाबागाडीचा वास जात नाही. रविवारी चर्चपर्यंत पाच मांजरं सोबत होती.

ता.क. आणखी एक. सात मासे गाडीतले. डबक्यातला आठवा सांगायचा राहिला. तो आधीच मेला होता, शपथ (जवळजवळ). आईच्या ट्राउट-सूपात लाल तिखट पावाआधी घालायचं की नंतर, एवढंच विचारायला पत्र लिहिलं. उत्तरात माशाचं नाव नको, टपाल फ्रोइलान फोडतो, कोंबडी लिही. पण लवकर. सासूबाईंनी तो खारवलाय, आणि पाव शिळा व्हायला कालपासून बाहेर काढून ठेवलाय.