हट्ट्यापर्यंत, स्वतःच्या इंजिनवर

९ एप्रिल, सकाळ
पुण्याहून शिवशंकरचा फोन. मुलगा माझा, आवाज वसुली अधिकाऱ्याचा. म्हणाला, मम्मी, ती गाडी विकून टाक, गाडीचं वय झालं, आणि तुझंही... इथे थांबला. थांबला ते बरं केलं.
कोपऱ्यावरच्या धर्मसिंगशी त्याने परस्पर बोलूनही ठेवलंय. धर्मसिंग जुन्या गाड्या घेतो. मला विचारायची गरज दोघांनाही वाटली नाही.
मी सांगितलं, मे महिन्यात हट्ट्याला भाची दीपमालाच्या हळदीला मी याच गाडीने येणार. चालवणार मी. त्याआधीची दुरुस्तीही मीच करणार. मेकॅनिकचं बोट लागणार नाही. तो हसला. मग अट घातली: गाडी स्वतःच्या इंजिनवर हट्ट्याला पोचली तर विकायचं नाव काढणार नाही. नाही पोचली तर धर्मसिंग, आणि यापुढे मी एसटीने फिरायचं.
कबूल.
पंच म्हणून विश्वंभररावांना नेमलं. यजमान पेपर वाचत होते. "बरं" म्हणाले. आमचं लग्न ठरलं तेव्हाही एवढंच म्हणाले होते.

९ एप्रिल, दुपार
गाडीचं मॅन्युअल काढलं. सगळं इंग्रजीत. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा हिंगोलीत प्रथमच उपयोग. दर दोन पानांनी एक वाक्य येतं, शंका असल्यास अधिकृत केंद्रात जावे. मला शंका नाही.
सर्वात सोपं काम वायपरचं रबर, सर्वात अवघड क्लच, असं सगळे सांगतात. मी रिटायर होईपर्यंत टेलिफोन एक्सचेंजमध्ये अख्ख्या जिल्ह्याचे ट्रंक कॉल जोडले. अवघड वगैरे काही नसतं. मेकॅनिक लोक तसं पसरवतात.

११ एप्रिल
वायपर. व्हिडिओतला मुलगा बोलता बोलता बसवतो. त्याची गाडी वेगळी असावी. क्लिप तुटली. दांडी सटकून काचेवर आपटली. काचेला रेघ. पण डावीकडे, म्हणजे विश्वंभररावांच्या बाजूला. त्यांना गाडीत बसल्यावर झोप येते, त्यामुळे नुकसान काहीच नाही.
मे महिन्यात आपल्याकडे वायपर लागत नाही. काम पूर्ण झालं असं समजते.

१४ एप्रिल
बॅटरी! टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. खायचा सोडा, गरम पाणी, जुना टूथब्रश. घासून लख्ख. किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्यात सुरू.
ब्रश जुना आहे असं मला वाटलं होतं. विश्वंभररावांना तसं वाटत नव्हतं.
शिवशंकरला व्हिडिओ पाठवला. त्याने अंगठा पाठवला. अंगठ्याला मी उत्तर मानत नाही.

१७ एप्रिल
एअर फिल्टर काढला. इतका कळकट, की बघवेना. साबणाच्या पाण्यात भिजत घातला, ब्रशने (नवीन) घासला, दोरीवर वाळत टाकला. वाळल्यावर कुरडईसारखा झाला. हात लावला तर तुकडे. फिल्टर कागदाचा असतो हे कुठेतरी ठळक छापायला हवं होतं. छापलं आहे, पण पुढच्या पानावर.
सध्या विश्वंभररावांचा बनियन चौपदरी करून बसवला आहे. शुद्ध सुती. कंपनीसुद्धा इतकं चांगलं कापड देत नसेल.

२१ एप्रिल
उजवा इंडिकेटर लागत नव्हता. वायरिंग उघडलं. चार वायरी. एक्सचेंजमध्ये माझ्या बोर्डावर किती होत्या ते या पोरांना स्वप्नातही दिसायचं नाही. इंडिकेटर आता लागतो. सोबत हॉर्नही वाजतो. वळताना हॉर्न द्यावाच लागतो, तेव्हा एका बटणात दोन कामं होतात. बिघाड म्हणणारे म्हणोत.

२५ एप्रिल
क्लच. तरट अंथरून गाडीखाली गेले. केबलचा नट हाताला लागला होता. खरंच लागला होता. तेवढ्यात मागच्या वस्तीतल्या चंद्रभागाबाई शेळ्या घेऊन निघाल्या. त्यांना गाडीखालून बाहेर आलेले माझे दोन पाय दिसले. "अगं माय, म्याडम गाडीखाली गेल्या!" अशी बोंब. मी आतून ओरडत होते की मी ठीक आहे. त्यावर त्या लोकांना सांगत होत्या की अजून जीव आहे. चौघांनी मला पायांना धरून ओढून काढलं. नट गेला कुठे ते देवाला ठाऊक. एक शेळी तरट खात होती.
यजमान कुठे होते? खिडकीत. का नाही सांगितलं लोकांना, असं विचारलं. तर म्हणे, मला वाटलं तुमचंच काहीतरी चाललंय.
क्लच तसा चांगलाच आहे. उगाच छेडू नये.

२६ एप्रिल
ब्रेक उघडणार नाही. भीती म्हणून नाही. ब्रेक लागतात, म्हणून.

१ मे
गाडीखाली ओल. रेडिएटर गळतोय. थेंब थेंब, पण गळतोय.
शेजारचे ज्ञानबा भिंतीवरून डोकावले. एके काळी जीप चालवायचे, त्याचा गर्व अजून उतरलेला नाही. म्हणाले, रेडिएटर बदलायची काय गरज, चिमूटभर हळद टाका, ट्रकवाले तेच करतेत. याच ज्ञानबांनी मागे टायरमध्ये नारळाचं पाणी भरायला सांगितलं होतं, त्यामुळे विश्वास ठेवला नाही. मग व्हिडिओ पाहिला. व्हिडिओतही हळदच. हळद फुगते आणि भोक बुजतं.
बुजणारच. जगात कुठेही बुजेल, मग आपल्याकडे तर बुजायलाच हवं. घरात वसमतची हळद आहे, मनकर्णाने शेतातली उकळून, वाळवून, दळून पाठवलेली. मनकर्णा म्हणजे माझी नणंद, दीपमालाची आई. ती हळद भाजीत जरा जास्त पडली तर ताट पिवळं होतं.
चिमूट हे माप भाजीचं. रेडिएटर केवढा! मोठी वाटी भरून टाकली. वर अर्धी अजून.

२ मे
एक थेंब नाही. खाली पेपर अंथरून ठेवला होता, कोरडा ठक्क. ज्ञानबांना भिंतीवरून बोलावून दाखवला. त्यांनी विचारलं, किती टाकली? मी सांगितलं. ते डोकं हलवत भिंतीमागे गेले. हेवा, दुसरं काय.
शिवशंकरला कळवलं की सगळं दुरुस्त झालं आहे. धर्मसिंगलाही जाता जाता सांगितलं. तो म्हणाला, ठीक है मॅडम, मैं रुकता हूँ. कशासाठी थांबतो ते विचारलं नाही.

११ मे, पहाटे
निघतो आहोत. सिल्कची मोतिया रंगाची साडी. मनकर्णाच्या सगळ्या जावा येणार. त्यांच्यापैकी एकीलाही गाडी चालवता येत नाही, आणि हे त्यांना दर लग्नात आठवलं पाहिजे. शिवशंकर काल रात्रीच पुण्याहून थेट हट्ट्याला पोचला. मांडवाच्या दारात उभा राहीन म्हणाला. राहा.

११ मे, सकाळी, रस्त्याच्या कडेला
औंढा मागे पडलं. तोवर गाडी उत्तम. वळणावर हॉर्न वाजतो म्हणून लोक आदराने बाजूला होतात. मग काटा लाल रेषेवर गेला. काटा जुना आहे, त्याच्याकडे मी लक्ष देत नाही. मग बॉनेटमधून वाफ आली. वाफेकडे दिलं.
लिंबाखाली थांबलो. विश्वंभरराव जागे झाले, "आलं का?" म्हणाले. गाडी निवेपर्यंत मी थांबले. मी मूर्ख नाही. निवल्यावर झाकण उघडलं. बराच वेळ काही नाही. आत डोकावले. तेव्हा पाणी उसळून आलं. कोमट होतं, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल. गळ्यापासून निऱ्यांपर्यंत पिवळी. आतल्या नळ्यांत हळद पिठल्यासारखी घट्ट बसलीय. पाणी ओतलं तर वरच्या वर परत येतं.
गळती मात्र अजूनही नाही.

११ मे, संध्याकाळ
लिहिते. लपवण्यासारखं काही नाही.
मनकर्णाचा दीर कोंडीबा ट्रॅक्टर घेऊन त्याच रस्त्याने हट्ट्याला चालला होता. ट्रॉलीत हळदीच्या बायका. त्याने विचारलंही नाही. दोर काढला आणि बांधला. बायका ट्रॉलीतून माझ्याकडे बघत हळदीची गाणी म्हणत होत्या. मी स्टेअरिंग धरून ताठ बसले. दोर बांधलेली गाडी चालवायला जास्त कौशल्य लागतं, हे कुणीही सांगेल.
मांडवाच्या दारात शिवशंकर. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
मनकर्णाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वहिनी, नवरीची उष्टी हळद लावतेत हो. तुमी काहून आधीच लावून आल्या?" सगळा मांडव हसला. दीपमालासुद्धा, पाटावर बसून.
मी निकाल मागितला. माझा मुद्दा स्पष्ट होता. चाकं माझ्याच गाडीची फिरली, स्टेअरिंग मी धरलं, मेकॅनिकचा हात लागला नाही, आणि गाडी हट्ट्यात उभी आहे. सर्वांनी विश्वंभररावांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला.
"चाकं आपली," ते म्हणाले. "इंजिन कोंडीबाचं."
इतक्या वर्षांत या माणसाचं पहिलं ठाम मत, आणि ते चारचौघांत.

१९ मे
कोंडीबाने ट्रॅक्टरमागे बांधूनच घरी आणून सोडलेली गाडी धर्मसिंग येऊन घेऊन गेला. आधी अंगणातच नवे पाइप लावले, पाण्याच्या प्रेशरने रेडिएटर धुतला. अंगणात अजून पिवळा ओघळ आहे. ढकलायला त्याने दोन माणसं आणली होती. गरज पडली नाही. पहिल्या झटक्यात सुरू झाली. होणारच. बॅटरी कुणी साफ केली होती?
कोपऱ्यावर उजवीकडे वळताना हॉर्न वाजला. मी आत आले.

२४ मे
दीपमाला माहेरी आली आहे, म्हणून हट्ट्याला. एसटीने. एकटी. यजमानांना उन्हाचं कारण.
कंडक्टरने न विचारता अर्धं तिकीट दिलं. मी पूर्ण मागितलं. म्हणाला, मावशी, बायांना अर्धंच असतंय. मी सांगितलं, मी मावशी नाही. तोवर तो पुढच्या प्रवाशाकडे गेला होता.
ड्रायव्हर गिअर फार वाईट बदलतो. औंढ्याच्या पुढे चढ आला. बरोबर तिथे, जिथे मी सेकंड टाकते, त्याने उशीर केला. पुढच्या सीटवरच्या माणसाने मागे वळून विचारलं, मावशी, पायाला काही तकलीफ आहे का? मघापासून सीटला दाबून राहिल्या.
डावा पाय. क्लचचा. मला कळलंच नव्हतं.
नाही म्हटलं, आणि पाय मागे घेतला.