माफी दुसऱ्याच्या हाती पाठवलीस

प्रिय ताई,

तुला माती देऊन आज नऊ दिवस झाले. काल चर्चचे पाळकसाहेब कळव्याला घरी येऊन गेले, म्हणून लिहितेय. नाहीतर मेलेल्या माणसाला पत्र लिहिणारी मी नव्हे.

मी चहा दिला. मग म्हणाले, "एस्तेरबाई, ताईंनी शेवटी एक पाप कबूल केलं. मी गेल्यावर बहिणीला सांगा म्हणाल्या."

कल्याणची मंडळी मला बघायला आलेली, तेव्हा तू मुलाच्या आईला जिन्यात गाठून सांगितलंस, आमच्या एस्तेरला फिट येतात. का, तर मी लग्न करून गेले असते तर अंथरुणातल्या आईचं तुला करावं लागलं असतं. तुझा वर्तकनगरचा संसार अडला असता.

मला फिट कधी आली गं? आणि मी मूर्ख, माझ्या रंगाला दोष देत बसले. किती बेसन चोळलं तोंडाला! तूच आणून द्यायचीस ना? आई गेली तेव्हा मी पंचेचाळीसची होते.

प्रभुभोजनाआधी, ज्याच्याशी वाकडं असेल त्याचा हात धरून माफी मागायची, ही आपल्या चर्चची रीत. तू दर वेळी उठून माझ्याकडे यायचीस, हात दाबायचीस आणि गप्प राहायचीस. मला वाटायचं, किती जीव आहे ताईचा माझ्यावर. तोंड उघडायला काय झालं होतं तुला?

पाळकसाहेब म्हणतात, देव कुठल्याही पाप्याला बोलावतो, मनापासून पश्चात्ताप केला की सगळं धुतलं जातं. तू अगदी शांतपणे गेलीस म्हणे. वाट माझ्या आयुष्याची लागली आणि माफ परस्पर त्याने करून टाकलं? मी त्यांना तसं तोंडावर विचारलं. रविवारी चर्चमध्ये तुझ्या आठवणीच्या उपकारस्तुतीला मी दोन शब्द बोलावेत, अशी भावोजींची इच्छा आहे. मी नाही म्हणून कळवलंय.

मी तुला माफ करत नाही, ताई. पण एक वचन देते. मीसुद्धा पश्चात्ताप करणार आहे. या रागाचा, या पत्राचा, सगळ्याचा, अगदी मनापासून. देवाने तुला स्वर्गात घेतलं तर मलाही घ्यावंच लागेल त्याला. आले की तुझ्या शेजारीच बसेन. तिथे मरण नाही म्हणतात, म्हणजे तुला पुन्हा निसटताही येणार नाही.

तुझी,
एस्तेर