नातीला पायावर न्हाऊ घातलं

सोमेश्वरच्या बापाला जालन्याहून सोनूबाईचा वाकून नमस्कार. मी मजेत हाय.

लकव्यातून हात-पाय सुधरले, पण थकवा हटत नव्हता. एक दुपटं पिळलं की आडवं व्हावं लागायचं. विहीणबाई म्हणायच्या, "आमच्या घरात दोन बाळंतिणी!"

मंग आपली लेक वंदना मला सुया टोचून इलाज करणाऱ्या डॉक्टरणीकडं घेऊन गेली. मी आपली पायाला तेल चोळून गेल्ते. ती हसली, "आजी, सुया टोचायच्यात, भजी न्हाई तळायची!" तिनंच पाय पुसले. सुया केसावानी बारीक, बिलकुल दुखलं न्हाई, अन् थकवाबी हळूहळू उतरला. लकव्याच्या आधीच्या गोळ्या चालूच हायेत. बोटाला मुंग्या येतात, त्याचं मनावर घेऊ नका.

तुमी बीपीची गोळी घेता ना? भाकरी कोण थापतं? म्हैस दूध देती का?

अन् ऐका, आज नातीला मीच पायावर घेऊन न्हाऊ घातलं! विहीणबाईंनी पाणी ओतलं, वंदना माझा हात धरायला बसल्ती, पण गरज पडली न्हाई. पोरगी काय रडली! नाक तुमच्यावर गेलंय.

आता ती झोपली. दोघी मला म्हणल्या, "आता तुमीबी पडा." मी म्हणलं, कागद आणा, सोमेश्वरच्या बापाला कळवायचंय.

तुमची,
सोनूबाई