पाचवी ओवी नसल्याबाबत

प्रति,
मा. उद्यान अधिकारी,
विभाग कार्यालय, लालबाग.

विषय : गिरणबाग उद्यानातील लोखंडी कठडा न तोडण्याबाबत.
संदर्भ : माझे दि. ११ मार्च व दि. २ जून २०२५ चे अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

मी आनंदीबाई रघुवीर घाडी, वय ७८, दोन्ही डोळ्यांनी अंध. अर्ज नात वैदेही लिहीत आहे, शब्द माझे आहेत.

१. सन १९८३ मध्ये माझी नजर गेली. यजमान गिरणीच्या संपामुळे घरीच होते. त्यांनी हाताला धरून मला बाग शिकवली. गावी मी जात्यावर गायलेली. लक्षात राहावी म्हणून वाटेची ओवी बांधली :

फाटकापासून बारा पावलं, वडाची पारंबी धर
डावीला वळ गं बाई, कारंज्याची झरझर

तेव्हापासून मी एकटी फिरते. दिवसातला तेवढाच एक तास मी कोणाच्या हातावर नसते.

२. सन १९९६ मध्ये कारंजे बुजवले, वड काढला. यजमानांनी पुन्हा चालवले, दुसरी ओवी बांधली. सन २००७ मध्ये फाटक मागच्या बाजूस नेले, तिसरी बांधली. पण पाय पहिलीच म्हणत होते. बारा पावले मोजून पंपघराच्या भिंतीवर आदळले, दोन दात गेले. रखवालदार मयूर म्हणाला, "आजी, बाग तीच हाय, फक्त सगळं हलवलंय."

३. सन २०१६ ची चौथी :

मऊ रबराची वाट, पायाला लागंना खडा
उजव्या हाताशी बाई, लोखंडी गं कठडा

ही शिकवून यजमान सन २०१९ मध्ये वारले.

४. नव्या आराखड्यात कठडा नाही, सेल्फी पॉइंट आहे, असे वैदेहीने फलक वाचून सांगितले. आपल्या कार्यालयातील बाई म्हणाल्या, "नवीन शिकून घ्या ना, आजी." वैदेही म्हणते, रविवारी मी नेईन. पोर गुणाची आहे. पण साहेब, नेणे वेगळे आणि जाणे वेगळे.

५. काम थांबणार नाही हे मी जाणते. बागेभोवती पत्रे ठोकल्याचा आवाज खोलीपर्यंत येतो. सबब वरील विषयातील विनंती मी याच अर्जाने मागे घेते. तोडण्याआधी एका सकाळी पत्र्याचे दार उघडावे, एवढेच. कठड्याला धरून एकदा जाईन, एकदा परत येईन. सोबत कोणी देऊ नये.

आपल्या पत्र्याबाहेर उभी असलेली,
आनंदीबाई रघुवीर घाडी
(डाव्या हाताचा अंगठा)
दि. १४ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) अंधत्वाचा दाखला
२) आधीच्या अर्जांच्या प्रती
३) ओव्या क्र. १ ते ४
पाचवी जोडलेली नाही. जमली नाही.