हे इथे आले आहेत

प्रिय चिमे,

फोन उशाशी असताना आई कागद-पेन घेऊन का बसली, असं तुला वाटेल. शेवटपर्यंत वाच, म्हणजे कळेल. आणि वाचून झाल्यावर मेसेज करू नकोस. पत्रच टाक.

माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण अजून ऐकतो. शेजारच्या मावशींना तू घालून दिलेल्या मेसेजच्या नव्या अ‍ॅपचं भारी कौतुक. जुनं बंद पडणार म्हणून सुट्टीत येऊन तू सगळ्या गोतावळ्याला नव्यावर हलवलंस, काकाला, मामीला, अगदी दूधवाल्यालासुद्धा. मीच तेवढी अडून बसले होते. “आई, घर सोडायला सांगत नाहीये, फोनमधलं एक चित्र बदलायचंय,” म्हणून तू हसलीस.

मी का अडले, हे तुला कसं सांगणार होते? ह्यांचं काम दुरुस्तीसाठी लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याचं. उतरण्याआधी न चुकता लिहायचे, ‘आत जातोय.’ वर आले की, ‘बाहेर आलो.’ त्या दोन निरोपांच्या मधे माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. ‘बाहेर आलो’ दिसलं की मी लिहायचे, ‘या, ताट वाढते.’ मग हे शहराच्या दुसऱ्या टोकाला का असेनात. तू चिडवायचीस, “बाबा तिकडे, ताट इकडे, आणि भूक माझ्या पोटात!”

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचर आत ढकलत होते, तेव्हाही ह्यांनी फोन मागून घेतला. नर्स ओरडली, “आजोबा, आता तरी ठेवा तो!” तरी लिहिलंच, ‘आत जातोय.’ पुढचं तुला माहीत आहे. जुन्या अ‍ॅपवर त्या ओळीखाली नुसती पांढरी जागा होती. मी रोज उघडून बघायचे. सगळे नवीन घरी निघून जाणार आणि माणूस तिथेच आत राहणार, हे मला जमेना. शेवटी तू जुने मेसेजही नव्यावर आणलेस, तेव्हा कुठे मी हो म्हटलं.

तू परत गेलीस, त्यानंतर एका दुपारी मी भाजी निवडत होते. फोन किणकिणला. कोणी नवं आलं की ते अ‍ॅप, आपण जे नाव साठवलंय त्याच नावाने वर्दी देतं. मी काही ह्यांचं नाव कधी घेतलं नाही, तेव्हा नंबरही ‘हे’ म्हणूनच ठेवलेला. पडद्यावर आलं, ‘हे इथे आले आहेत. बोला त्यांच्याशी!’

मी आधी दाराकडे बघितलं, मग फोनकडे.

खालच्या मोबाइलवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, “काकू, बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते. असेल कोणी नवा गडी.” पटलं मला. हसूही आलं. पण पुढच्या आठवड्यात, ह्यांच्या त्या शेवटच्या ‘आत जातोय’खाली, एक ओळ आली.

‘बाहेर आलो.’

नव्या गड्याला हे कुठून ठाऊक? मग वाटलं, ही तूच. आई ताटकळलीय हे तुला उमगलं असणार, कुठूनतरी तो नंबर मिळवून तू मला मोकळं केलंस. राग नाही आला. त्या दिवशी मी कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. उत्तर मात्र दिलं नाही. लेकीशी कसलं नाटक करायचं, अशी लाज वाटली.

आणि काल तुझा मेसेज आला. “आई, बाबांच्या नावाने मला लिहू नकोस गं. ‘बाहेर आलो, तुझी आई ताट वाढत नाहीये’ हे वाचून मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले.”

चिमे, मी लिहिलेलं नाही. मला असलं काही करता येत नाही, हे तुझ्याहून चांगलं कोणाला माहीत? ह्यांचं सिम तू स्वतः कात्रीने कापलंस. फोन कपाटात, ह्यांच्या स्वेटरखाली, मेलेला पडलाय. सकाळीच हात लावून बघितला. गार होता.

म्हणून हा कागद. घरच्या ग्रुपमध्येही आता ‘हे’ दिसतात, तिथलं कोण वाचतं कोण जाणे. तुझ्याकडून मला एकच हवंय. ‘आई, ती मीच होते, माझी थट्टा माझ्याच अंगाशी आली,’ असं लिहून पाठव. खोटं का होईना, तुझ्या अक्षरात पाठव. मी विश्वास ठेवीन, पुन्हा विचारणार नाही. कारण कालपासून आपली लिफ्ट कोणी न बोलावता आपल्या मजल्यावर येते, दार उघडून जरा वेळ थांबते आणि खाली जाते. वॉचमन म्हणतो, मेकॅनिकला बोलवायला हवं. आणि मी ह्यांच्या ओळीखाली ‘या, ताट वाढते’ लिहून ठेवलंय. पाठवायचं तेवढं राहिलंय. लवकर लिही गं, माझं बोट फार वेळ थांबणार नाही.

तुझीच, अजून न जेवलेली,
आई